केबिन चासीवर बसवली आणि डावा दरवाजा लागेना झालाय (१९५१ शेवरोले ३१००)

सांगलीकर_ओहायोत

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसता वाचत होतो, आज हात टेकले म्हणून लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप आहे. अर्ध्या टनाची, ११६ इंच व्हीलबेस, २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलेंडर इंजिन, तीन गिअर आणि तो दांडा स्टीअरिंगवर. इथे ओहायोत एका शेतावरच्या कोठारात पडून होती, वर गवताचे भारे आणि सीटमध्ये उंदरांचा संसार. इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीचा वरचा पत्रा बघून घेतली की फसलात, खालून सगळं चाळणी झालेलं असतं. माझ्या केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे गेलेले, डाव्या दरवाज्याखालचा उंबरठा गेलेला (मी उंबरठाच म्हणतो, तुम्ही काय म्हणाल ते म्हणा) आणि पायाखालच्या पत्र्यातून रस्ता दिसत होता.

तर केबिन उतरवली, चासी (खालचा लोखंडी सांगाडा) सँडब्लास्ट करून काळी केली, ब्रेकच्या नळ्या नवीन टाकल्या, मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीलाच असतो तोही आत्ताच बसवून घेतला कारण नंतर तिथे हात घालायला लागला की रडू येतं. इंजिन गिअरबॉक्स चासीवर चढवला. केबिनचे कोपरे, उंबरठा, फ्लोअरचा डावा तुकडा नवीन आणून वेल्ड केला. वेल्डिंग करताना दरवाज्याच्या चौकटीत तिरके अँगल मारले होते, चौकट हलू नये म्हणून.

गेल्या शनिवारी मंडळातली पाच जणं बोलावली, पावभाजीचं आमिष दाखवून. इंजिन उचलायची घोडी असते तिने केबिन उचलली, दोन्ही दरवाज्यांतून आरपार लाकडी दांडे घालून पट्टे बांधले, खाली चासी ढकलत आणली आणि केबिन अलगद टेकवली. पुढे दोन रबरी पॅड आणि मागे दोन झुलते शॅकल (हलत्या लोखंडी कड्या). सगळं रबर नवीन, किट आणलं होतं. मग पाणसळ लावली तर उजवीकडे पुढे बुडबुडा सरकत होता, म्हणून डाव्या मागच्या बाजूला दोन शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) घातल्या, बुडबुडा मधोमध आला, बोल्ट कसले, फोटो काढले, पावभाजी खाल्ली.

रविवारी दरवाजे टांगले. उजवा मस्त, टक् असा आवाज करून लागतो. डावा लागतच नाही. दरवाज्यातलं लॉक चौकटीवरच्या कडीपेक्षा साधारण दीड सूत खाली येतंय. (अमेरिकेत येऊन मला सूत कळलं. इथला एक अष्टमांश इंच म्हणजेच आमच्या गल्लीतल्या सुताराचं एक सूत, लहानपणी डोक्यावरून जायचं.) दरवाज्याच्या वरची फट मागच्या कोपऱ्यात रुंद झालीये आणि खालची फट तिथेच जवळजवळ मिटलीये.

माझी भीती अशी की मी उंबरठाच वाकडा वेल्ड केला. तो परत कापायचा का? बिजागरी वाकवून जमवू का? कुणी केलं असेल तर सांगा, बायकोने "लागत नाही तर नको लावूस, उघडाच ठेव" असा सल्ला दिलेला आहे.

---

टोपीवाला८२

विकणार का? 😀

(आमच्याकडे असल्या गाड्या फक्त लग्नाच्या फोटोशूटला भाड्याने मिळतात. बाकी चर्चेला शुभेच्छा.)

---

जुनी_गाडी_काका

सांगलीकर, आधी ग्राइंडर खाली ठेवा. कापाकापी हा शेवटचा उपाय.

मी मिशिगनमध्ये असतो, आता रिटायर्ड. १९४९ ची हीच गाडी मी केली, तेव्हा तुमच्यासारखाच रविवारी रात्री गॅरेजमध्ये दरवाजा हातात धरून बसलो होतो. तुमचं आणि माझं मॉडेल एकाच घराण्यातलं, जून १९४७ ते मार्च १९५५ पर्यंत हीच केबिन चालली, किरकोळ फरक सोडता. तुमच्या ५१ ला दरवाज्यात ती तिकोनी उघडणारी काच असेल, माझ्या ४९ ला नाही. त्या काळच्या जाहिरातीत कंपनी या केबिनला फ्लेक्सी-माउंटेड म्हणायची. म्हणजे काय तर चासी खड्ड्यात पिळवटली तरी केबिनने तिच्याबरोबर पिळवटू नये म्हणून तिला रबरावर आणि शॅकलवर तरंगत ठेवलेली. सोय चांगली, पण बसवणाऱ्याचा घाम काढते, कारण केबिनला नेमकं कुठे बसायचं हे चासी सांगत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागतं.

आता पहिली तपासणी, दोन मिनिटांची. डावा दरवाजा अर्धा उघडा आणि लॉकच्या बाजूने खालून दोन्ही हातांनी वर उचलून बघा. बिजागरीत खडखड लागली, दरवाजा वर सरकला, तर पिना झिजल्यात. सत्तर वर्षं ड्रायव्हरचाच दरवाजा उघडमिट झालेला असतो, उजवा बिचारा तसाच राहतो. तसं असेल तर पिना आणि बुश बदला, बाकी कशाला हात लावू नका.

नसेल तर मला एवढं सांगा. चासी आत्ता कशावर उभी आहे? चाकांवर की स्टँडवर? स्टँड असतील तर कुठे कुठे लावलेत? आणि वेल्डिंग करताना दरवाजे चौकटीत टांगलेले होते का नुसते अँगल होते? मी स्वतः कोपरे बदलताना दरवाजे लावून, बंद करून, फट बघत बघत टाके मारले होते. एक टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, दरवाजा उघडून लावून बघायचा, मग पुढचा. वेळ जातो. पण अँगल तुम्हाला एवढंच सांगतात की चौकट होती तशी राहिली, ती आधी बरोबर होती का हे नाही सांगत.

अजून एक, प्रश्न नाही पण विचारून ठेवतो. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटमागे असते तुमच्या मॉडेलला, ती वेल्डिंगच्या आधी काढली होती ना? हो म्हणा.

---

सांगलीकर_ओहायोत

काका टाकी काढली होती हो, पहिल्याच आठवड्यात काढून बाहेर अंगणात नेऊन ठेवली, आत जे काही होतं त्याला पेट्रोल म्हणणं म्हणजे पेट्रोलचा अपमान.

पिना दोन्हीकडे नवीन आहेत, खडखड अजिबात नाही, आत्ताच जाऊन बघून आलो.

दरवाजे टांगलेले नव्हते. नुसते अँगल. 😐

चासी चार स्टँडवर आहे, दोन पुढे अगदी टोकाला आणि दोन मागे अगदी टोकाला, चाकं काढलेली आहेत कारण टायर अजून यायचेत. गॅरेज माझं साधं घराचंच आहे. फरशी काँक्रीटची, बाहेरच्या दाराकडे थोडा उतार आहे, बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून इकडे सगळीकडेच असतो.

---

पत्रा_मिस्त्री

थांब थांब. सांगलीकर, तू आमच्या शेजारचा, म्हणून जरा मोकळं बोलतो, राग मानू नकोस.

मी कोल्हापूरला उद्यमनगरात पत्राकाम करतो, वडील बी तेच करत हुते. शेवरोले माझ्या हाताखालनं दोनच गेल्यात पण केबिन ती केबिन, ट्रकची असूदे न्हाईतर जीपची. तू लिवलंस की पाणसळ लावली, बुडबुडा उजवीकडं म्होरं सरकला, म्हणून डाव्या मागच्या बाजूला दोन शिमा घातल्या. आन् आता म्हणतोस फरशीला उतार हाय. भावा, तुझी केबिन वाकडी न्हाई आन् चासी बी वाकडी न्हाई, तुझी फरशी वाकडी हाय! तू केबिन जमिनीला सरळ केलीस. केबिन जमिनीला सरळ करायची नसती, चासीला सरळ करायची असती. गाडी काय रोज तुझ्या गॅरेजमधल्या त्याच कोपऱ्यात उभी ऱ्हाणार हाय काय?

आता हिशोब बघ. दरवाजा टांगलाय पुढच्या खांबाला. लॉकची कडी हाय मागच्या खांबाला. तू मागं डावीकडं शिमा घालून मागचा खांब वर उचललास. दरवाजा हाय तिथंच हाय, कडी वर गेली. म्हंजे लॉक खाली आल्यागत दिसणार. वर मागं फट रुंद, खाली मागं फट बंद. तू जे लिवलंस तेच की सगळं! उंबरठा कापायला गेला असतास तर मंग खरं वाकडं झालं असतं.

लक्षात ठेवायला सोपं हाय. लॉक खाली येतंय तर त्या बाजूला म्होरं शिम घाल न्हाईतर मागची काढ. लॉक वर जातंय तर उलटं. एवढ्यावर निम्मं काम हुतंय.

आन् बोल्ट कसून दरवाजे कशापायी टांगलेस? आधी दरवाजे, मंग बोल्ट. आमच्यात पोरगं नवीन आलं की पयल्या दिवशी हेच शिकवतो. बोल्ट नुसतं हातानं फिरवून ठेवायचं, दरवाजं टांगायचं, फटी जुळवायच्या, आन् मंग पाना लावायचा.

---

जुनी_गाडी_काका

मिस्त्री, मानलं. मी प्रश्न विचारत बसलो आणि तुम्ही नाडीवर बोट ठेवलंत.

फक्त एक जोडतो, स्टँडबद्दल. चासी चारही टोकांवर टेकवली की मधला भाग, जिथे इंजिनचं आणि केबिनचं वजन येतं, तो किंचित लवतो. डोळ्याला दिसत नाही पण दरवाज्याच्या फटीला दिसतो. शिवाय चार स्टँडपैकी एक जरी खाचेने वर राहिला तर चासीला पीळ बसतो, ती खुली सी-चॅनेलची चासी आहे, पीळ घेण्यासाठीच बनवलेली. म्हणून शेवटची जुळवाजुळव नेहमी गाडी स्वतःच्या चाकांवर, पाट्यांवर (स्प्रिंगवर) वजन घेऊन उभी असताना करायची. टायर आलेले नसतील तर कुठलेही जुने टायर उसने आणा. तेही नसतील तर निदान स्टँड पुढच्या आणि मागच्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे वजन पाट्यांतूनच चासीवर येईल.

पीळ आहे का बघायचा सुतारी उपाय, दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पुढे एक मागे, दोन्ही चासीच्या दोन्ही दांड्यांवर आडव्या टाका, मग मागे लांब जाऊन डोळा लावून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक बाजू उचललेली दिसली तर आधी ते सोडवा. नुसते कर्ण मोजून हे कळत नाही, कर्ण मोजून चौकोन तिरपा झालाय का एवढंच कळतं.

---

नाशिकचा_विंटेजवेडा

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. पाणसळ एवढी काही वाईट नाही. मी माझ्या जीपची बॉडी लेव्हल लावूनच बसवली आणि काही बिघडलं नाही. फक्त मी आधी चासी लेव्हल केली होती. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, त्यात पाणी भरून चासीच्या चार ठिकाणी एकसारखी उंची येईपर्यंत स्टँडखाली पट्ट्या सारल्या, आणि मग बॉडीवर पाणसळ ठेवली. चासी लेव्हल असेल तर बॉडी लेव्हल म्हणजे बॉडी चासीला सरळ. सांगलीकरांनी पहिली पायरी गाळली एवढंच.

---

पत्रा_मिस्त्री

नाशिककर बरोबर हाय तुमचं, पण जीपला दरवाजा हाय कुठं? 😂 उघड्या जीपला कोण सांगणार फट कमी की जास्त. दरवाजा असला की शेवटचा निकाल दरवाजाच देतो, नळी न्हाई आन् बुडबुडा बी न्हाई.

---

नाशिकचा_विंटेजवेडा

🙏 हे मात्र खरंय

---

फियाटवाला_पुणे

मी पिकअपवाला नाही पण सहा व्होल्टच्या गाड्यांवर हात काळे केलेत म्हणून एक सांगून ठेवतो, कारण हे तुम्हाला महिन्याभराने छळणार आहे. केबिन रबरावर बसलीये, म्हणजे विजेच्या दृष्टीने ती चासीपासून तुटलेली आहे. बॅटरीचा अर्थ (म्हणजे अर्थिंगची वायर) चासीला किंवा इंजिनला जातो, आणि मीटर, दिवे, वायपर सगळं केबिनमध्ये. जुन्या गाडीत कुठेतरी गंजलेला बोल्ट, कुठेतरी केबल, कशातून तरी अर्थ पोचत असतो. तुम्ही सगळं साफ करून, जाड पेंट मारून, नवीन रबर घालून बसवलंत की तो बंद. मग दिवे मिणमिणतात, पेट्रोलचा काटा नाचतो, आणि माणूस डायनॅमो उघडून बसतो.

उपाय म्हणजे एक चपटी विणलेली तांब्याची पट्टी इंजिनपासून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि शक्य असेल तर अजून एक केबिनपासून चासीला. जिथे बोल्ट लागणार तिथला पेंट खरवडून चकचकीत पत्रा काढा आणि नंतर वरून ग्रीस लावा. सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या जाडीची केबल चालत नाही, तेवढ्याच दिव्याला दुप्पट करंट लागतो, जाड घ्या.

आणि विषय निघालाच आहे म्हणून, तुमच्या या गाडीचं भावंड मुंबईत पण जुळायचं. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ मध्ये सुरू झाला, १९५४ पर्यंत चालला. अमेरिकेतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडायचे, स्टीअरिंग उजवीकडे. कुणाकडे शिवडीत जोडलेली शेवरोले पिकअप असेल तर फोटो टाका, मला केबिनच्या आत ते स्टीअरिंग उजवीकडे नेताना पायाखालचा पत्रा कसा बदललाय ते बघायचंय.

---

टोपीवाला८२

शिवडी म्हणजे फ्लेमिंगोवाली शिवडी? तिथे गाड्या बनायच्या?

---

फियाटवाला_पुणे

हो तीच. फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहिती असतं.

---

सांगलीकर_ओहायोत

मंडळी, काय बोलू. मिस्त्री तुम्ही कोल्हापुरात बसून माझ्या गॅरेजचा उतार ओळखलात. शनिवार-रविवार सगळा यातच गेला, म्हणून उशिरा लिहितोय.

काय काय केलं ते क्रमाने सांगतो, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

एका मित्राकडून चार जुने टायर उसने आणले (त्याच्या ट्रेलरचे, साइज वेगळी, पण चारही एकसारखे म्हणून चाललं). केबिनचे चारही बोल्ट ढिले केले पण काढले नाहीत. चासी चाकांवर उतरवली, पुढे जाऊन बंपरच्या जागी उभा राहून चार-पाच वेळा दाबून हलवली, पाटे बसावेत म्हणून. काकांनी सांगितलं तशा दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टाकून मागून डोळा लावला. पीळ नाही!! खरंतर स्टँडवर असतानाच आधी बघायला हवं होतं, तेव्हा होता का ते आता कधीच कळणार नाही.

मग मागच्या डाव्या दोन्ही शिमा काढल्या. दरवाजा लावून बघितला. दीड सुतावरून अर्ध्या सुतावर आला. म्हणजे दोष गेला पण पूर्ण नाही.

मग डोकं लावलं. मिस्त्री म्हणाले लॉक खाली येतंय तर पुढे शिम घाल. पण का घालावी लागतेय हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं, एकदा अक्कल आली की येते. पुढचे दोन्ही रबरी पॅड काढले आणि व्हर्नियरने मोजले. एकाच किटमधले, एकाच पिशवीतले, डावा पॅड उजव्यापेक्षा जवळजवळ दोन मिलीमीटर पातळ. नवीन रबर म्हणजे सारखंच असणार हे मी गृहीत धरलं होतं. तुम्ही धरू नका.

डाव्या पुढच्या पॅडखाली दोन मिलीमीटरची शिम घातली, केबिन परत टेकवली, दरवाजा ढकलला आणि

टक्.

बायको वरून ओरडली काय पडलं म्हणून.

तर उंबरठा वाकडा नव्हताच. मी रविवारी रात्री ग्राइंडरला नवीन चकती लावून ठेवली होती, खोटं नाही सांगत, फक्त उशीर झाला होता आणि शेजाऱ्यांची झोपायची वेळ झालेली म्हणून राहिलं.

आता पुढचे प्रश्न. एक, बोल्ट किती कसायचे? दोन, पॉलीयुरेथेनचे कडक पॅड मिळतात, ते या रबरापेक्षा एकसारख्या मापाचे असतात म्हणे, ते घालू का?

---

जुनी_गाडी_काका

अभिनंदन! तो टक् आवाज मला इथे ऐकू आला.

बोल्ट. पुढच्या पॅडला रबर किंचित दबलं पाहिजे, कडेने फुगून बाहेर आलं तर जास्त झालं. रबर पूर्ण चेपून टाकलं की ते रबर राहत नाही, मग फ्लेक्सी-माउंटचा काय उपयोग, सरळ लाकडाची चकती घाला. सेल्फ लॉकिंग नट लावा किंवा खाचेचा नट आणि कॉटर पिन, म्हणजे कमी कसलेला असूनही सुटणार नाही. मागच्या शॅकलचे बोल्ट मात्र शेवटी कसायचे, गाडी चाकांवर आणि केबिनमध्ये सीट, टाकी, दरवाजे, काचा सगळं वजन आल्यावर. रिकाम्या केबिनवर कसले तर शॅकलमधलं रबर पीळ खाऊन बसतं आणि मग जन्मभर केबिनला एका बाजूला ढकलत राहतं. पाट्यांच्या बुशाचं असतं तसंच.

याचाच अर्थ असा की आत्ता जुळवलेली फट अंतिम नाही. सगळं वजन आल्यावर रबर अजून बसेल. शंभरेक मैल चालवून परत बघा, शिमा थोड्याशा इकडे तिकडे होतील. मी तीनदा केलं.

पॉलीयुरेथेन, माझं मत नको. आजच्या गाडीला ठीक. ही ट्रक मुळात खडखडणारी, कडक पॅड घातलेत की इंजिनची सगळी थरथर केबिनमध्ये आणि त्या नवीन वेल्डवर. पण मित्राने घातलेत आणि तो खूश आहे, तेव्हा हा चवीचा भाग समजा.

---

पत्रा_मिस्त्री

काका म्हणत्यात ते बराबर. पॅड मोजून जोड्या लावायच्या आन् रबरच घालायचं.

पॅड पातळ हाय हे शोधलंस हे मला लय आवडलं. दुसरं कोण असतं तर गुमान शिम घालून मोकळं झालं असतं.

आता म्होरलं काम. बॉनेट आन् मडगार्डाच्या फटी केबिनवरनं धरायच्या, केबिन मडगार्डावरनं न्हाई. रेडिएटरचा जो पाळणा म्होरं चासीवर बसतोय त्येच्याखाली बी रबर हाय, त्येची शिम वरखाली केली की बॉनेट आन् केबिनमधली फट जुळती. मडगार्डाचं बोल्ट सगळं ढिलं ठीव, बॉनेट बंद करून चारी बाजूनं बघ, मंग एकेक कस. आन् फट भरायला लांबी (पुट्टी) थापू नगंस, फट बिजागरीनं आन् शिमेनं जुळवायची. लांबी रंगाखाली एक-दीड वर्स टिकती, मंग खड्ड्यात भेग पडती आन् गिऱ्हाईक आपल्या नावानं बोंब मारतंय.

एक विचारायचं राह्यलं. स्टीअरिंग बॉक्स आधी लावलास का नंतर लावणार? त्या गाडीला कॉलमचा दांडा बॉक्सशी एकजीव असतोय, मधी सांधा न्हाई.

---

सांगलीकर_ओहायोत

...

नाही लावलेला. बॉक्स आणि दांडा दोन्ही भिंतीला टेकवून उभे आहेत. आत्ता मान वळवली तर दिसतायत.

केबिन परत उचलायची का? पावभाजी परत करायला माझी तयारी आहे पण पोरं येतील का सांगता येत नाही.

---

जुनी_गाडी_काका

अहो नाही, नाही! डावं मडगार्ड अजून लावलेलं नाही ना? मग काही अडलेलं नाही. स्टीअरिंग व्हील काढलेलंच असेल, मडगार्डाच्या मोकळ्या जागेतून दांडा तिरका करून पायाखालच्या पत्र्याच्या भोकातून वर केबिनमध्ये घाला आणि मग बॉक्स चासीला लावा. दोघं जण लागतील, एक खाली एक आत, आणि दांड्याला जुनं कापड गुंडाळा नाहीतर डॅशबोर्डच्या नवीन रंगावर ओरखडा ठरलेला. माझ्याकडे आहे तो ओरखडा, अजून.

उलट हे बरंच झालं. बॉक्स चासीला कसल्यावर कॉलम डॅशबोर्डखालच्या क्लॅम्पमध्ये आपसूक, न ओढता येऊन बसला पाहिजे. बसला तर केबिन डावी-उजवीकडे पण बरोबर आहे. ओढून बसवावा लागला तर केबिन त्या बाजूला सरकवा, कॉलम वाकवू नका. मागचे बोल्ट अजून कसले नाहीत ना?

---

सांगलीकर_ओहायोत

नाही कसले! या वेळी एकही नाही कसलेला.

शनिवारी बघतो. उसन्या टायरचा मालक मित्रच दांडा धरायला येतोय, त्याला टायर परत हवेत म्हणून.

---

टोपीवाला८२

मग विकणार का? 😀